पहिल्याची मजा दुसऱ्या भागात का येत नाही?

कमी पैशात बनलेला, जरा ओबडधोबड, पण लोकांनी डोक्यावर घेतलेला एखादा गमतीदार सिनेमा असतो. त्यातले संवाद लग्नाच्या पंगतीत, पानठेल्यावर, एसटीच्या मागच्या बाकावर ऐकू येतात. काही वर्षांनी त्याचा दुसरा भाग येतो. पैसा जास्त, कॅमेरा चांगला, पडद्यावर चमक. तरी पाहून आलेला माणूस एवढंच म्हणतो, ‘पहिल्याची मजा नाही.’ ही मजा नेमकी कुठे असते आणि दुसऱ्या भागात ती कुठे गळून पडते, हे टप्प्याटप्प्याने उलगडता येतं.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हे उलगडायला एक सोय आहे. आमच्याकडे दर हिवाळ्यात नाटकांचा असा बाजार भरतो, की ज्यात प्रेक्षकांना तेच कलावंत पुन्हा हवे असतात आणि गोष्ट मात्र नवी हवी असते. सिनेमाचा दुसरा भाग बहुतेक वेळा याच्या उलट करतो. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच. आधी सिनेमाचं यंत्र खोलून पाहू.

मराठीत अचाट ताकदीच्या नायकाचा विनोदी सिनेमा म्हटलं की १९८७ सालचा ‘दे दणादण’ आठवतो. महेश कोठारे आणि लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे आपला लक्ष्या, यात पोलीस आहेत. मारुतीच्या कृपेने लक्ष्याच्या अंगात अफाट बळ येतं, पण एक अट असते: लाल रंग दिसला की बळ गेलं. ‘सुपर फझ’ नावाच्या १९८० च्या इटालियन सिनेमातही नायक पोलीसच आहे आणि त्याचीही ताकद लाल रंगापुढे गळते. कल्पना तिथली, पण इथे तिला मारुती मिळाला आणि लक्ष्या मिळाला.

ही अट जरा जवळून पाहा, कारण स्वस्त सिनेमाचं सगळं शहाणपण तिच्यात आहे. अफाट ताकद पडद्यावर दाखवायची तर पैसा लागतो. भिंती पाडा, गाड्या उडवा, माणसं हवेत फेका. ताकद जाणं दाखवायला मात्र काहीच लागत नाही. एक लाल कापड पुरतं. आपल्याकडे लाल रंग कुठे नाही? एसटी लाल, टपालपेटी लाल, कुंकू लाल, लग्नाचा शालू लाल. त्यामुळे नायक जिंकत असतानाही प्रेक्षक पडद्याच्या कोपऱ्यात लाल काही दिसतंय का हे शोधत बसतो. शून्य खर्चात ताण तयार होतो आणि ताण फुटला की हसू येतं. शिवाय बळ मिळालेला माणूस कोण? साधा, घाबरट, कुणी फारसं न मोजणारा शिपाई. ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या हातात सत्ता आली, याचा आनंद प्रेक्षकाला स्वतःचा वाटतो.

अमेरिकेतला या जातीचा गाजलेला सिनेमा याच इंधनावर चालतो. लॉइड कॉफमन आणि मायकेल हर्झ यांच्या ट्रोमा या छोट्या कंपनीने १९८४ मध्ये ‘द टॉक्सिक अव्हेंजर’ काढला. व्यायामशाळेत फरशी पुसणारा मेल्विन नावाचा किडकिडीत पोरगा, त्याची टवाळी करणारी धट्टीकट्टी मंडळी, एक क्रूर थट्टा आणि त्यातून विषारी रसायनाच्या पिंपात पडणं. तो वर येतो तो विद्रूप पण बलदंड रक्षक होऊन, आणि हातात शस्त्र म्हणून फरशी पुसायचा दांडाच. न्यूयॉर्कमधल्या ब्लीकर स्ट्रीट सिनेमात मध्यरात्रीच्या खेळांना लोक पुन्हा पुन्हा येऊ लागले आणि सिनेमाचं नाव झालं. १९८९ मध्ये दुसरा भाग आला. नायक बापाच्या शोधात थेट जपानला गेला. चित्रीकरण इतकं जमलं की एकाचे दोन सिनेमे झाले आणि तिसरा भागही त्याच वर्षी लागला. २००० साली चौथा भाग आला, तेव्हा सुरुवातीलाच प्रेक्षकांची माफी मागून मधले दोन भाग बाजूला सारले गेले. बनवणाऱ्यांनीच दिलेली ही कबुली आहे.

तिथे काय बिघडलं ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. पहिल्या भागाच्या सुरुवातीला मेल्विनकडे काहीही नव्हतं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला त्याच्याकडे ताकद आहे, प्रेयसी आहे, गावाचा मान आहे. ज्या अपमानावर गोष्ट पेट घेत होती तो अपमान संपला. मग लेखक पेटवायला दुसरं काहीतरी शोधतो: परदेश, हरवलेला बाप, नवे शत्रू. गोष्ट पसरते, पण तापत नाही. अचाट ताकदीच्या विनोदी सिनेमाला दुसरा भाग इतर सिनेमांपेक्षा जड का जातो, याचं पहिलं कारण हे. ताकद मिळण्याची गंमत माणसाच्या आयुष्यात एकदाच घडते.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि ते समजून घ्यायला नाशिक जिल्ह्यातलं मालेगाव गाठावं लागतं. मालेगाव हे यंत्रमागांचं शहर. शुक्रवारी मागांना सुट्टी आणि त्या दिवशी व्हिडिओ पार्लरला गर्दी. नासिर शेख यांचं असंच एक पार्लर होतं. दोन व्हीसीआर जोडून सिनेमे कापायचं आणि जोडायचं तंत्र ते स्वतःच शिकले. २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला, साधारण पन्नास हजार रुपयांत. डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. बसंतीची बासमती झाली. कॅमेरा उंच न्यायचा तर बैलगाडी, कॅमेरा पुढे सरकवायचा तर सायकल. गावाने तो सिनेमा अक्षरशः उचलून धरला.

मग आला ‘मालेगाव का सुपरमॅन’. सुपरमॅन झाला शफीक शेख, मागावर काम करणारा काटकुळा तरुण. हा सिनेमा बनत असताना फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्यात शफीकला उडवायची खटपट बारकाईने पाहायला मिळते. उडण्याचं तंत्र असं: माणसाला एकसारख्या हिरव्या कापडापुढे आडवा करायचा, चित्रण करायचं आणि नंतर संगणकाला सांगायचं की जिथे जिथे हा हिरवा दिसेल तिथे आकाश भर. हिरवाच का? कारण माणसाच्या कातडीत तो रंग नसतो, म्हणून चेहरा शाबूत राहतो. पण कापडावर सुरकुती पडली, एका बाजूला ऊन नि दुसऱ्या बाजूला सावली आली, की तो हिरवा एक हिरवा राहत नाही, त्याच्या दहा छटा होतात. संगणक काही छटा पुसतो, काही तशाच सोडतो. माणसाभोवती थरथरती कड राहते. मोठ्या स्टुडिओत ही कड घालवायला दिव्यांची रांग लावतात. मालेगावात उन्हावर भागवायचं होतं. त्यात चित्रीकरणाच्या मध्येच कॅमेरा पाण्यात पडला आणि सगळं काम खोळंबलं.

आता ही थरथरती कड दोष ठरायला हवी होती. ती ठरली नाही, कारण मालेगावचा सुपरमॅनच तसा आहे. त्याला दमा आहे. त्याच्या चड्डीची नाडी बाहेर लोंबते. त्याच्यापुढचा खलनायक गावभर घाण आणि थुंकी पसरवायला निघालेला. अशा नायकाचं उडणंही डळमळीतच असणार, आणि ते पडद्यावर खरंच डळमळतं. तंत्राची उणीव आणि गोष्टीतली उणीव एकमेकींत मिसळून जातात. पाहणाऱ्या यंत्रमाग कामगाराला हा सुपरमॅन परका वाटत नाही. त्याच्या छातीतही तीच मागांची धूळ असते.

मालेगावने केलेली गोष्ट कोणती? श्रीमंत सिनेमा घेतला आणि तो गरीब करून पुन्हा बनवला. दुसरा भाग याच्या नेमका उलट चालतो. तो गरीब सिनेमा घेतो आणि श्रीमंत करून पुन्हा बनवतो. थरथरती कड पुसली जाते, नाडी आत जाते, कॅमेऱ्याला क्रेन मिळते. प्रत्येक सुधारणा एकेकटी पाहिली तर योग्यच असते. पण नायकाचं दुबळेपण ज्यातून दिसत होतं त्या एकेक वस्तू निघून जातात आणि उरतो तो पैसेवाल्यांच्या स्पर्धेत उतरलेला एक मध्यम सिनेमा. त्या स्पर्धेत तो हरणारच, कारण तिथे त्याच्यापेक्षा शंभरपट पैसा ओतणारे बसलेले आहेत.

‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ २०१२ मध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीक हयात नव्हता. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. तो हातात पैसा असलेल्यांनी केलेला सिनेमा आहे, तरीही तो फसला नाही असं माझं मत आहे. त्याने सुपरमॅनला पुन्हा उडवलं नाही, त्याला उडवणाऱ्या मित्रांची गोष्ट सांगितली. जुन्या यशाकडे परत जायचा हा प्रामाणिक रस्ता आहे.

तिसरं कारण माणसांचं आहे, आणि त्यासाठी परत कोठारे-बेर्डे यांच्याकडे यावं लागतं. ‘दे दणादण’चा दुसरा भाग तेव्हा आला नाही. त्याऐवजी ‘थरथराट’ (१९८९) आला, ‘धडाकेबाज’ (१९९०) आला, ‘झपाटलेला’ (१९९३) आला. प्रत्येक वेळी लक्ष्या लक्ष्याच होता, महेश महेशच होता, पण गोष्ट निराळी. ‘धडाकेबाज’मध्ये तर बाटलीतला गंगाराम होता, म्हणजे पुन्हा अचाट ताकद, पण मारुतीचा वर नाही नि लाल रंगाची अटही नाही. प्रेक्षकाला जुना सवंगडी भेटत होता आणि नियम नवे शिकायला मिळत होते. त्यामुळे पाच-सात वर्षं हा प्रकार शिळा झाला नाही.

‘झपाटलेला’चं मात्र पुढे निराळं झालं. तात्या विंचू हा मरायला टेकलेला गुन्हेगार मंत्राच्या बळावर आपला आत्मा एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला लक्ष्याच्या हाती येतो. कल्पनेचं मूळ ‘चाइल्ड्स प्ले’ या १९८८ च्या अमेरिकन भयपटात. बाहुला रामदास पाध्ये यांचा, आवाज दिलीप प्रभावळकरांचा. आता बोलक्या बाहुल्याची विद्या कशी चालते ते पाहा. कान आवाजाची दिशा तितकीशी पक्की पकडत नाही. डोळ्याला जे तोंड हलताना दिसतं तिथूनच आवाज येतोय असं मेंदू ठरवून टाकतो. म्हणून शब्दभ्रमकार स्वतःचे ओठ थंड ठेवतो, बाहुल्याचं तोंड हलवतो, आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची, तो स्वतः बाहुल्याकडे पाहतो. जिथे माणूस पाहतो तिथे आपणही पाहतो. रंगमंचावर हे काम शब्दभ्रमकार करतो. सिनेमात त्याला लपून राहावं लागतं. मग बाहुल्याकडे पाहायचं काम कुणी केलं? लक्ष्मीकांत बेर्डे यांनी.

‘झपाटलेला’ पुन्हा लावा आणि बाहुल्याऐवजी लक्ष्याकडे बघत राहा. त्याचे डोळे विस्फारतात, घशाशी शब्द अडकतो, पाय मागे सरतात. तो बाहुल्याला घाबरतो म्हणून बाहुला जिवंत होतो. त्याच्या घाबरण्यात मुळीच बनवाबनवी नाही, तो थट्टा करत नाही, जिवाच्या आकांताने पळतो. आपल्याला हसू येतं आणि भीतीही वाटते, दोन्ही एका क्षणी. तात्या विंचूची निम्मी भूमिका बेर्डे यांनी केली आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो.

१६ डिसेंबर २००४ ला लक्ष्मीकांत बेर्डे गेले. ‘झपाटलेला २’ २०१३ च्या जूनमध्ये लागला, थ्रीडीमध्ये. लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेत आदिनाथ कोठारे, सोबत सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी, मकरंद अनासपुरे. बाहुला पुन्हा पाध्ये यांचा, आवाज पुन्हा प्रभावळकरांचा. सिनेमाला गर्दी झाली, मुलांनी चष्मे लावून आरडाओरडा केला. पण पहिल्यासारखा तो मनात राहिला नाही, आणि हे मी त्या मंडळींबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो आहे, कारण मराठीत थ्रीडीचं धाडस करणं ही छोटी गोष्ट नव्हती.

तंत्राने इथे आतून अडचण केली. थ्रीडी म्हणजे दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवायची. चष्मा उजव्याचं चित्र उजव्याला आणि डाव्याचं डाव्याला पोचवतो, मेंदू दोन्ही जुळवून खोली तयार करतो. या जुळवणीला प्रत्येक नव्या दृश्यात क्षणभर वेळ लागतो. म्हणून थ्रीडीत दृश्यं जरा लांब ठेवावी लागतात. भराभर तुकडे जोडले तर डोळे दुखतात. पण बाहुल्याची भीती तर भराभर तुकड्यांवरच उभी असते: बाहुला खुर्चीत, लक्ष्याचा चेहरा, खुर्ची रिकामी. दृश्य लांबलं की बाहुल्याकडे निरखायला वेळ मिळतो, आणि निरखलं की तो लाकूड-रबराचा दिसायला लागतो. थ्रीडीने त्याचा खरा आकारही सांगून टाकला. अंधाऱ्या कोपऱ्यातला तात्या केवढा आहे ते १९९३ मध्ये कळत नव्हतं. त्यात काळा चष्मा पडद्याचा उजेड कमी करतो, म्हणून चित्रण उजळ ठेवावं लागतं, आणि भयपटातला काळोख पातळ होतो.

याहून मोठी अडचण प्रेक्षकाने केली. वीस वर्षांत तात्या विंचू हा घरातला माणूस झाला होता. ज्या मुलांनी १९९३ मध्ये आईच्या पदराआड तोंड लपवलं, ती आता आपल्या मुलांपुढे तात्याचा आवाज काढून दाखवत होती. ज्याच्यावर जीव जडला त्याला कोण घाबरणार? पण गोष्टीत तात्या अजून खलनायकच होता, त्याला मारणं हाच शेवट होता. प्रेक्षक तात्याला भेटायला आले होते आणि सिनेमा त्यांना तात्यापासून वाचवत होता. एखादं पात्र लोकांच्या प्रेमाला पात्र झालं की त्याची जागाच बदलते, आणि दुसऱ्या भागाच्या लेखकाने कामाची सुरुवात या बदललेल्या जागेपासून करायला हवी. बहुतेक जण जुन्या जागेपासूनच करतात.

आता झाडीपट्टीकडे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा मुलूख. दंडार आणि खडी गंमत या इथल्या जुन्या लोककला. त्यांच्या अंगाने आणि संगीत नाटकाच्या ओढीने झाडीपट्टीची रंगभूमी वाढली. धान कापून घरात आलं, दिवाळी-भाऊबीज झाली, की गावोगावी मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दिवसा बाजार आणि रात्री नाटक. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशीही तेच. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, तेव्हा पटाच्या निमित्ताने होणाऱ्या नाटकांचाही आधार गेला. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. नाटकांचा हा हंगाम होळीच्या आसपास संपतो.

या सगळ्याचं ठाणं म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, सरकारी नाव देसाईगंज. वैनगंगेच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी. हंगामात वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं उघडतात, बाहेर नाटकांच्या नावांचे आणि कलावंतांच्या फोटोंचे फलक लागतात. गावातलं मंडळ तिथे येतं, तारीख ठरवतं, इसार देतं. मंडळाची माणसं काय विचारतात? नाटक कोणतं हे तर विचारतातच, पण त्याआधी विचारतात, ‘हिरो कोण? विनोदी कोण?’ गेल्या वर्षी ज्या विनोदी नटाने गाव हसवलं त्याला पुन्हा आणायचं असतं. गोष्ट मात्र नवी लागते. गेल्या वर्षीचीच गोष्ट पुढे ओढून आणली तर तिकिटाला हात कोण घालणार? आणि गोष्ट ओढायची गरजही पडत नाही, कारण माणूस तोच आहे.

प्रयोगाची बांधणी पाहिली की हे कसं जमतं ते कळतं. नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मूळ कथा बहुधा रडवणारी: दारू, कर्ज, हुंडा, अंधश्रद्धा, फसवलेली बहीण, वाया गेलेला मुलगा. नवरगावचे सदानंद बोरकर यांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्येवर ‘आत्महत्या’ हे नाटक लिहिलं, ते या परंपरेतलं. या मूळ कथेला समांतर एक विनोदी धागा चालतो. एक प्रवेश रडवतो, पडदा पडतो, पुढचा प्रवेश हसवतो. विनोदी पात्राचा मुख्य कथेशी संबंध सुरुवातीला जेमतेम असतो, नोकर, शेजारी, गावचा उडाणटप्पू, असं काहीतरी. शेवटच्या अंकात मात्र तोच निर्णायक वेळी कामाला येतो. म्हणजे इथेही तेच इंधन आहे: ज्याला कुणी मोजत नाही तो वेळेवर भारी ठरतो. फक्त दरवर्षी तो नव्या गोष्टीत शून्यापासून सुरुवात करतो. मागच्या वर्षी मिळालेला मान त्याच्यासोबत येत नाही, नटाचं नाव तेवढं येतं.

कलावंत एका हंगामात अनेक नाटकांत, रात्री या गावात तर उद्या त्या गावात. सगळी संहिता पाठ असणं अवघड, म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि वाक्य पुरवतो. त्यामुळे नटाचं लक्ष पुढच्या वाक्यावर अडकून राहत नाही, ते प्रेक्षकांवर राहतं. विनोदी नट हसू कुठे उठलं ते टिपतो, तिथे थांबतो, गावच्या नाल्याचं, रखडलेल्या रस्त्याचं नाव संवादात घुसवतो. जे चाललं नाही ते दुसऱ्या गावात गाळतो. हंगाम संपेपर्यंत प्रवेश घासून-पुसून लख्ख झालेला असतो. सिनेमाला ही संधीच नाही. सिनेमा लागतो तेव्हा सगळं पक्कं झालेलं असतं, आणि दुसरा भाग तर पहिल्याच्या कुठल्या जागी हशा उठला होता ते आठवून लिहिलेला असतो, वीस वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकाच्या हशावर.

परशुराम खुणे हे याचं ठळक उदाहरण. गडचिरोली जिल्ह्यातले हे झाडीपट्टीचे कलावंत. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सांगितलं गेलं की त्यांनी ५,००० हून अधिक प्रयोगांत ८०० वेगवेगळ्या भूमिका केल्या. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकच गाजलेली भूमिका पाच हजारदा करणं त्यांना शक्य होतं. त्यांनी आठशे केल्या. लोक त्यांना पाहायला येत राहिले, आणि पुढची भूमिका कुठली याची उत्सुकताही टिकली.

आमच्या रंगभूमीत सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. मधे घुसवलेल्या लावण्यांनी कित्येक नाटकांचा कणा मोडला आहे. मुंबईहून मालिकांतले चेहरे आणायचे आणि त्यांच्या मानधनापायी स्थानिकांचं मानधन दाबायचं, हेही होतं. त्रुषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा २०२२ चा सिनेमा या जगाची धडपड जवळून दाखवतो, तो पाहावा. पण एका बाबतीत झाडीपट्टीचा व्यवहार शहाणा आहे. लोकांना जे आवडलं ते कशात होतं हे तिने ओळखलं: नटाच्या डोळ्यांत, त्याच्या थांबण्यात, गावाशी त्याच्या बोलण्यात. ते ती पुढच्या वर्षी घेऊन येते आणि बाकीचं सोडून देते. दुसरा भाग बहुधा ‘बाकीचं’ घेऊन येतो: बाहुला, मंत्र, पोशाख, गाजलेलं वाक्य. या वस्तू विकत मिळतात, फलकावर छापता येतात, म्हणून निर्मात्याला त्यांचा भरवसा वाटतो. लक्ष्याचं घाबरणं विकत मिळत नाही.

म्हणून उद्या कुणाला ‘दे दणादण’चा दुसरा भाग काढावासा वाटला तर त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मारुतीचा वर आणि लाल रंगाची अट जिथे आहे तिथे राहू द्या. एक नवा घाबरट शोधा, ज्याच्या डोळ्यांवर लोकांचा विश्वास बसेल. त्याला नवी ताकद द्या, आणि ती काढून घेणारी अट अशी शोधा की ती गावात फुकट, जागोजागी सापडेल. पैसे हातात आले तर ते चित्रीकरणाच्या दिवसांवर खर्च करा, म्हणजे नटाला एकच प्रवेश दहा तऱ्हांनी करून बघता येईल.

आणि वाचकहो, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर भाऊबीज झाल्यावर गोंदिया-चंद्रपूर मार्गावरच्या गाडीने वडशाला उतरा. फलकांवर नाटकांची नावं वाचत बसू नका. ‘आज कुठे नाटक आहे आणि विनोदी कोण आहे’ एवढंच विचारा, घोंगडी सोबत घ्या, आणि पहाटेचा शेवटचा अंक सोडून उठू नका.